हळदी-कुंकवाची रायफल

गोरेगावात संतरामच्या दुकानाला पाटी नव्हती. दारात कधीही चार-पाच जळालेल्या मोटरी पडलेल्या असत आणि आतून व्हार्निशचा वास येई, तेवढ्यावर माणसं बरोबर पोचत. सेनगावकडून जीपनं आलेला शेतकरी मोटर उतरवून विचारी, "बघा बरं, जळली का निस्ती फसली?" संतराम मोटरीला हात लावायच्या आधी नाक लावी आणि म्हणे, "जळली." मग खाली बसून तांब्याची जुनी तार उपसायला लागे.

दसऱ्याच्या आधी मात्र त्याच्याकडं वेगळंच गिऱ्हाईक येई. जत्रेत फुगे फोडायला बंदुका देणारे फुगेवाले. हिंगोलीला दसऱ्याचं प्रदर्शन भरे, तिथं दुकान मांडायच्या आधी ते आपल्या छऱ्याच्या बंदुका चादरीत गुंडाळून संतरामकडं आणत. वर्षभर वापरून त्या फुसक्या झालेल्या असत. बंदुकीच्या पोटात हवा दाबणारं कातड्याचं वायसर असतं. ते वाळलं की हवा गळते आणि छर्रा फुग्यापर्यंत जाता जाता दमतो. संतरामला हे विसाव्या वर्षी, औंढ्याच्या जत्रेत, स्वतःचेच सहा छर्रे वाया गेल्यावर कळलं होतं. तेव्हा हिंगोली अजून परभणी जिल्ह्यातच होती. बरोबरची पोरं फुगेवाल्याला शिव्या देत होती आणि हा म्हणाला, "मालक, हिचं कातडं वाळलंय. मी बदलून देऊ का?"

कातडं त्याच्या घरी होतं. विहिरींवर मोटरी आल्या तशी वडलांची मोट गोठ्यात टांगून पडलेली होती. वर्षानुवर्षं पाण्यात भिजलेलं, तेल प्यालेलं ते कातडं. त्यातून त्यानं रुपयाएवढं वायसर कापलं, एरंडेलात मुरवलं आणि बसवलं. बंदूक अशी कडक झाली की फुगेवाल्यानं पुढच्या वर्षी आणखी तिघांना पाठवलं. त्यातल्याच एकाकडून संतरामनं नळी वाकवून छर्रा भरायची एक जुनी बंदूक घेतली. दुकानामागं भिंतीला पोतं टांगून त्यावर कागद लावायचा आणि जेवण झाल्यावर पाच छर्रे मारायचे, हा त्याचा रिवाज झाला. पाखरावर त्यानं कधी नेम धरला नाही. कोणी विचारलं तर म्हणे, "कागद बरा. खोटं बोलत न्हाई."

पेडगावकर सर त्याच्याकडं आले ते याच वायसरांमुळं. परभणीला कॉलेजात ते खेळ शिकवत, तरुणपणापासून स्वतः मोठ्या स्पर्धांत नेमबाजी करत आलेले. कॉलेजच्या पाच बंदुका घेऊन आले आणि संतरामच्या दुकानामागचा कागद बघून उभेच राहिले. पाच छऱ्यांची मिळून करवंदाएवढी जागा फाटली होती.

"हे कोणी मारलं?"

"मीच. जरा डावीकडं गेले."

"कशानं गेले, ते माहीत आहे?"

"नळी वाकडी असंल."

सर हसले आणि म्हणाले, "नळी सरळ आहे." पुढं काही बोलले नाहीत. त्या दिवसापासून मात्र ते दर सहा महिन्यांनी काहीतरी निमित्त काढून येऊ लागले.

दोन हजार पाचच्या दसऱ्याला ते आले तेव्हा त्यांच्या हातात काठी होती. काचबिंदूनं नजर पार खालावली होती. समोर माणूस आहे एवढं कळे, कोण आहे ते आवाजावरून. जीपवाल्यानं एक लांब काळी पेटी उतरवून दिली. सरांनी ती ओट्यावर ठेवून हातांनी चाचपत उघडली. आत अक्रोडाच्या लाकडाची, काळ्याभोर नळीची रायफल होती. नळीखाली हवेचं जाड नळकांडं, त्याला घड्याळासारखा एक काटा, आणि दस्त्यात चक्क किल्लीचं भोक.

"परदेशातून मागवली होती, मी खेळत होतो तेव्हाच्या शेवटच्या वर्षात," सर म्हणाले. "हिच्यात हवा आधी भरून ठेवायची. आणि चाप ओढला की स्प्रिंग सुटत नाही, वीज सुटते. आत कॉइल आहे."

कॉइल म्हटल्याबरोबर संतराम पुढं सरकला.

सरांनी बोली सांगितली ती अशी. वर्षभर रायफल इथं राहील. संतरामनं तिची कागदपत्रं सांभाळायची, रोज थोडी तरी चालवायची आणि दर महिन्याला पत्र लिहून ती कशी वाटते ते कळवायचं. पुढच्या दसऱ्याला सर येतील. नांदेडच्या एका कॉलेजालाही ती हवी होती. जिथं ती नीट राहील, तिथं ती कायमची द्यायची. "मला आता कागद दिसत नाही, संतराम. तू लिहिशील ते मला बायको वाचून दाखवेल. तेवढंच माझं खेळणं."

संतरामनं पहिल्या महिन्यात लिहिलं, "सर, रायफल चांगली आहे." उलट टपाली उत्तर आलं. "गूळ चांगला असतो, पाऊस चांगला असतो, जावईही चांगला असतो. मला दिसेल असं लिही."

मग तो लिहायला शिकला. दुपारी वीज गेली की दुकान बंदच पडे. त्या वेळात तो वही घेऊन बसे. हवा भरायचा पंप सायकलच्या पंपासारखा दिसतो, पण शेवटचे वीस हिसके छातीनं मारावे लागतात, हे त्यानं लिहिलं. वेल्डिंगवाल्याच्या सिलिंडरमधून भरून देतो म्हणून एकजण आला होता, ऑक्सिजननं स्फोट होतो असं सरांनी बजावल्यामुळं त्याला हात लावू दिला नाही, हेही लिहिलं. बॅटरी चार्ज करायला वीज कधी पहाटे मिळते, कधी दुपारी. रायफल गावाच्या मोटरींबरोबर रांगेत उभी असते. आवाजाबद्दल लिहिलं, की म्हातारं माणूस ओठ न उघडता 'हं' म्हणतं तेवढाच. आणि चापाबद्दल एक पूर्ण पान:

"चाप ओढावा लागत नाही. बोट ठेवलं आणि मनात आलं, की छर्रा गेलेला असतो. आधी मला भीती वाटली. मग लाज वाटली. इतकी वर्षं मी बोटानं धक्का देत होतो आणि दोष नळीला देत होतो. तुम्ही तेव्हा हसला होता, ते आता कळलं."

त्या पत्राचं उत्तर आलं नाही. सरांच्या पत्नीनं फक्त पोस्टकार्डावर कळवलं, की सरांनी ते तीनदा वाचायला लावलं.

घरात मात्र रायफलीचं कौतुक बेताचंच होतं. मनकर्णा, संतरामची बायको, तिला 'पाव्हणी' म्हणे. "पाव्हणीचं झालं का चार्जिंग? मंग माझ्या मिक्सरला बी वाईच करंट द्या." शेजारचे पुंजाजी शेरडं घेऊन जाताना कुडावरून डोकावत आणि म्हणत, "धूर न्हाई, आवाज न्हाई. ही कशाची बंदूक रे? ही तर नुसती उसासे टाकून राहिली." पण दुसऱ्याच्या ताब्यात जायची वस्तू आपल्या घरात वर्षभर कशी जपावी लागते, हे मनकर्णाला कळत होतं. तिनं जुन्या लुगड्याचा दुहेरी गलेफ शिवला होता. लेक सुकन्या नर्सिंगला गेल्यापासून घरात दोघंच, जेवणानंतर तो मागं पाच छर्रे मारी तेव्हा ती भांडी घासता घासता पोत्याकडं कान लावी आणि आवाजावरून सांगे, "आजचा तिसरा कडंला गेला."

वर्ष संपत आलं. सरांचं पत्र आलं, की दसऱ्याला दुपारपर्यंत येतो. संतरामच्या डोक्यात तेव्हापासून एकच विचार होता. रायफल राहते, का जाते.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी खंडेनवमी. त्या दिवशी घरातली सगळी हत्यारं धुऊन पुसून पाटावर मांडायची, हळदीकुंकू लावायचं, झेंडू वाहायचा, आणि एकदा पूजेत बसलेलं हत्यार दसऱ्यापर्यंत उचलायचं नाही. म्हणून संतराम उजाडल्यापासून एक मोटर उरकायच्या मागं लागला होता. तारेचे वेढे मोजत गुंडाळायचे असतात. एक जरी आकडा चुकला तरी सगळी गुंडाळी पुन्हा उलगडावी लागते. मनकर्णा दारात येऊन उभी राहिली.

"अव्हो, पान्हे-हातोडे धुतले. पाव्हणीला बी घेऊ का धुवायला?"

"एकशे बारा," संतराम म्हणाला. "व्हय. एकशे तेरा."

ती गेली. जुनी बंदूक वीस वर्षं दर खंडेनवमीला न्हात आली होती. नंतर पुसून तेल लावलं की झालं. ही तर मानाची. मनकर्णानं तिला अंगणात पाटावर आडवी ठेवली, तांब्यात पाण्याबरोबर चार थेंब दूध टाकलं आणि देवाला घालावं तसं तिला स्नान घातलं. पुसली, हळदीची बोटं ओढली. दस्त्याखाली बॅटरी चार्ज करायचं गोल भोक होतं, बरोबर टिकलीएवढं. कुंकू लावायला याहून नेमकी जागा कोणती? तिनं ओलं कुंकू तिथं नीट दाबून भरलं.

संतराम अंघोळ करून आला तेव्हा पाटावर ओळीनं पान्हे, हातोडे, विळे, तार गुंडाळायचं यंत्र मांडलेलं होतं आणि मधोमध झेंडूची माळ घातलेली रायफल. दस्त्याच्या फटीतून एक थेंब पाटावर पडला. मग दुसरा.

त्यानं आरती पुरी केली. नारळ फोडला. मग पाटाशी वाकून किल्ली फिरवली. रोज लागणारा हिरवा दिवा लागला नाही.

"काय झालं?" मनकर्णा म्हणाली.

"काही न्हाई."

"काही न्हाई म्हणताना तुमचं नाक असं लाल व्हतं व्हय?"

"हिच्यात करंट हाय गं."

"मोटरीत बी करंट हाय. ती तर बोअरच्या पाण्यात बुडून काम करती."

संतरामनं पाटावर पडणाऱ्या थेंबाकडं बोट दाखवलं. मनकर्णाच्या त्याच क्षणी लक्षात आलं असावं. ती पाटाशी बसली आणि दस्त्याखालचा थेंब बोटावर घेऊन बघत राहिली.

"मी इचारलं व्हतं तुमाला."

"इचारलं व्हतं," संतराम म्हणाला. "मी वेढे मोजून राहिलो व्हतो. चूक माझी."

"चूक कोनाची का असंना. उद्या सर येऊन राहिले."

रायफल उघडायला हवी होती आणि घरातलं प्रत्येक हत्यार पूजेत बसलेलं. पान्हा उचलायला संतरामचा हात जाईना. तेवढ्यात पुंजाजी तीर्थप्रसादाला आले. त्यांनी पाट बघितला, दोघांचे चेहरे बघितले.

"काहून रे? बंदुकीचं काही झालं का?"

"न्हाली ती," मनकर्णा म्हणाली. "मीच घातली."

"मंग वाळू द्या उन्हात. माझी शेरडं काय भिजत न्हाईत का पावसात?"

मनकर्णा उठून काळी पेटी घेऊन आली. तिच्या कोपऱ्यात सरांनी दिलेली छोटी वाकडी चावी होती, रायफलीचे स्क्रू काढायची. "ही पूजेत मांडली न्हाई. ही चालती."

"आन् बंदूक स्वतः पूजेत बसली ती?" पुंजाजींनी विचारलं.

मनकर्णानं रायफलीपुढं हात जोडले. "देवाला उठवून पुन्हा बसवतात, तसं," ती म्हणाली आणि माळ काढून तिनं रायफल नवऱ्याच्या मांडीवर दिली.

दस्ता सुटला. आत सर्किटची हिरवी पातळ पट्टी होती, मुंगीएवढे डाग दिलेले, आणि तिच्या शेजारी छोटी कॉइल. संतरामनं वर्षभरात प्रथमच ती बघितली. इतकी बारीक तार त्यानं कधी हातात घेतली नव्हती. केसापेक्षा बारीक, तरी वेढ्याला वेढा लागून बसलेला. तो क्षणभर रायफल बिघडली आहे हेच विसरला. "बघ, बघ," तो बायकोला म्हणाला, "कोनी गुंडाळलंय हे!"

"लाल दिसून राहिलं ते काय हाय?"

"तुझं कुंकू."

मेडिकलमधून स्पिरिट आणलं. रंगाच्या नव्या कुंचल्यानं त्यानं पट्टी धुतली. दुधाचा ओशटपणा गेला, कुंकू मात्र भोकाच्या कडेला चिकटून राहिलं. आता सुकवायची. जळक्या मोटरी तो तेलाच्या पिंपात दोनशे वॉटचा बल्ब लावून सुकवी. ती धग या पट्टीला झेपली नसती, आणि वीज तर आधीच गेलेली. ऊन ऑक्टोबरचं, पण वारा सुटून अंगणातली माती उडत होती.

मनकर्णा चुलीशी गेली. सुकन्या तान्ही असताना पावसाळ्यात तिची दुपटी वाळत नसत; तेव्हा निखारे काढून टाकून नुसत्या कोमट राखेवर बांबूचं डालं पालथं घालायचं आणि त्यावर दुपटी पसरायची. तिनं माळ्यावरून डालं काढलं. राख घमेल्यात घेतली, तिच्यावर आपल्या हाताचा पालथा पंजा धरला आणि मनातल्या मनात काहीतरी मोजलं.

"एवढी ऊब तान्ह्या लेकराला चालती. तुमच्या त्या पट्टीला चालंल का?"

संतरामनं तिच्या पंजाशेजारी आपला पंजा धरला. "चालंल."

दुपारभर दोघं डाल्याशी बसून होते. राख निवली की मनकर्णा दुसरी घेई, संतराम पट्टी उलटी करी. पुंजाजी दोनदा येऊन गेले. दुसऱ्यांदा त्यांनी शेरडाच्या पिल्लाला विचारावं तसं हळूच विचारलं, "कशी हाय?"

दसऱ्याच्या सकाळी संतरामनं सगळं जोडून किल्ली फिरवली. हिरवा दिवा लागला. मनकर्णानं टाळी वाजवली. पण चाप दाबला तर आतून काहीच हालचाल नाही. त्यानं पुन्हा दस्ता उघडला, एकेक जोड तपासला. तासाभरानं त्याला पट्टीच्या एका पिनेमागं लाल कण दिसला. कडुलिंबाची काडी टोकदार करून, स्पिरिटमध्ये बुडवून तो कण काढत असतानाच बाजारातून जीपचा हॉर्न ऐकू आला. सर आले होते. दस्त्याचा शेवटचा स्क्रू त्यानं आवळला तेव्हा काठीचा आवाज दारात होता. चालते का नाही, हे बघायला वेळच राहिला नाही.

सर ओट्यावर बसले. पाणी झालं. संतरामनं बोलायला घसा खाकरला, पण मनकर्णा दाराशी उभी राहून आधीच बोलली.

"सर, काल खंडेनवमीला बंदूक मी धुतली. दुधापाण्यानं. आन् चार्जिंगच्या भोकात कुंकू भरलं. बंद पडली व्हती. यांनी उघडून सुकवलीया, पन अजून चालवून बघितली न्हाई. यांच्यावर रागं भरू नका."

कुडावरून पुंजाजीही डोकावून ऐकू लागले.

"आण इकडं, संतराम," सर म्हणाले.

त्यांनी रायफल मांडीवर घेतली. बोटं दस्त्यावरून, नळीवरून, स्क्रूंवरून फिरली. एकेका स्क्रूवर नख टेकवून त्यांनी खाच झिजली आहे का ते बघितलं. भोकाशी बोट नेऊन त्यांनी ते नाकाशी धरलं.

"कुंकू अजून आहे."

"कडेचं निघालं न्हाई," संतराम म्हणाला.

"कागद लाव. पाच मार."

मागच्या भिंतीवरच्या पोत्यावर कोरा कागद लागला. संतराम उभा राहिला. दम घेतला, अर्धा सोडला. चापावर बोट टेकवलं आणि मनात आलं.

'हं' असा आवाज झाला.

त्याचे खांदे इतके सैल पडले, की दुसरा छर्रा मारायच्या आधी त्याला पुन्हा नीट उभं राहावं लागलं. दुसरा, तिसरा, चौथा, पाचवा. मनकर्णा हळूच म्हणाली, "चौथा बाहीर गेला." संतरामनं कागद काढून सरांच्या हातात दिला.

सरांनी तो मांडीवर पसरून बोटांच्या टोकांनी चाचपला. चार छऱ्यांचं मिळून एकच भोक झालं होतं, चिंचोक्याच्या निम्म्याएवढं. तर्जनी त्याच्या कडेनं सावकाश एक फेरी फिरून आली. मग बोटभर अंतरावरच्या एकट्या भोकावर थांबली.

"आणि हा?"

"तो रायफलीचा न्हाई, सर. तो माझा."

सरांनी कागदाची घडी केली. "नांदेडला आहेत ती पोरं चांगली आहेत," ते म्हणाले. "पण तिथं ही बंद पडली असती, तर कंपनीला पाठवू म्हणून पेटीत घातली असती आणि वर्षभर पेटी कुणी उघडली नसती. तुम्ही दीड दिवसात उघडून, सुकवून उभी केली. हिला असंच घर लागतं." त्यांनी रायफल उचलून आवाजाच्या दिशेनं पुढं धरली. "धर. तुझी झाली."

संतरामनं ती घेतली. तो म्हणाला, "जेवून जा सर. पोळ्या केल्यात."

"जेवणारच आहे. पण वहिनी, पुढच्या वर्षी हळदीकुंकू फक्त लाकडाला. पाणी नाही."

"बरं," मनकर्णा म्हणाली. "आन् नारळ?"

"नारळ लांब फोडा."

पुंजाजी कुडाला वळसा घालून आत आले. "सर, एक मी मारू का? वर्षभर उसासेच ऐकले हिचे."

संतरामनं त्यांना उभं केलं, खांद्याला दस्ता लावून दिला, बोट कुठं ठेवायचं ते दाखवलं. पुंजाजींनी एक डोळा मिटला, मग दुसरा मिटला, मग पुन्हा पहिला. रायफल 'हं' म्हणाली. पोत्याच्या वर, भिंतीतून थोडी माती झडली.

"अरे, ही सुटली कवा?" पुंजाजी म्हणाले. "मी तर अजून मारलीच न्हाई!"

सर इतके हसले की त्यांना काठी शोधावी लागली.

जेवणं झाल्यावर संतराम त्यांना बाजारापर्यंत सोडायला गेला. सेनगावची जीप भरली नव्हती. अजून दोन माणसं मिळाल्याशिवाय ड्रायव्हर हलणार नव्हता. सर पुढच्या सीटवर बसले. मनकर्णानं दिलेला पोळ्यांचा डबा मांडीवर, खिशात आपट्याची पानं. ड्रायव्हर म्हणाला, "निघतोच सर, पाच मिनिटं."

"सावकाश भरू दे," सर म्हणाले आणि संतरामच्या दिशेला वळले. "आता सांग. चौथा सुटला तेव्हा तुझ्या मनात नेमकं काय होतं?"

संतरामनं जीपच्या दांडीवर हात टेकवला. "तिसरा बराबर लागला, ते कळलं व्हतं, सर. मन तिथंच राहिलं," त्यानं सांगायला सुरुवात केली.